'आल्म्सहाउस', 'इस्पितळ' आणि 'धर्मशाळा' : एका पर्यायशब्दाची चिकित्सा

एम. ए.च्या अनुवादविषयक प्रश्नपत्रिकेत मी मागे एकदा अँथनी ट्रॉलप याच्या 'द वॉर्डन' (१८५५) या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातील एक उतारा मराठीत आणण्यासाठी दिला होता. जॉन हायरम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १४३४ मध्ये मृत्युपत्र करून बारा थकलेल्या कारागिरांच्या निवाऱ्याची व्यवस्था लावली, ती कशी, एवढाच त्या उताऱ्याचा विषय. त्यात त्या संस्थेला एके ठिकाणी 'आल्म्सहाउस' व इतरत्र 'हॉस्पिटल' म्हटले आहे. उत्तरपत्रिका आल्या, त्यांत 'हॉस्पिटल'चे 'रुग्णालय' बहुतेकांनी केले होते आणि त्यामुळे बारा धडधाकट म्हातारे अकारण आजारी पडले होते. 'आल्म्सहाउस'साठी मात्र बहुसंख्यांनी 'धर्मशाळा' हा शब्द योजिला होता. काहींनी 'वृद्धाश्रम', एकाने 'भिक्षागृह'. श्रीवर्धनकडील एका विद्यार्थिनीने 'धर्माची चाळ' असे लिहिले होते. 'धर्मशाळा' लिहिणाऱ्यांना मी पूर्ण गुण दिले आणि 'धर्माची चाळ' या शब्दांखाली तांबडी रेघ ओढून त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकले. हे गुणदान चुकले होते, असे आता माझे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

कोशातील पर्यायशब्द हा बहुधा अर्थाच्या साम्यावरून ठरविला जातो. दान, दया, निराश्रितांस आसरा ही कल्पना दोहोंकडे समान, तेव्हा 'आल्म्सहाउस' म्हणजे धर्मशाळा, असा हा हिशेब असतो. परंतु वास्तूचे नाव असलेल्या शब्दाचा अर्थ केवळ हेतूने ठरत नाही. त्या वास्तूत कोण राहतो, किती काळ राहतो, त्याला दार आहे की नाही आणि चूल कोणाची, या गोष्टी त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग असतात. म्हणून येथे कोशांपेक्षा इमारतींची साक्ष अधिक मोलाची आहे.

प्रथम इंग्रजी बाजूची शब्दावली पाहू. 'आल्म्स' हा शब्द मूळ ग्रीक 'एलेएमोस्युने', म्हणजे दया, यापासून ख्रिस्ती लॅटिनच्या वाटेने जुन्या इंग्रजीत 'अल्मेस्से' असा आला आणि झिजत झिजत एका अवयवाचा झाला. त्याच्या अंती दिसणारा 'स' हा अनेकवचनाचा प्रत्यय नसून मूळ शब्दाचाच अवशेष आहे. (पोर्तुगीजांतील 'एस्मोला', म्हणजे भिक्षा, हा त्याचा सख्खा भाऊ; तो पुढे आपल्या किनाऱ्यावर भेटणार आहे.) तथापि मध्ययुगात या संस्थांचे रूढ नाव 'आल्म्सहाउस' हे नव्हतेच. 'हॉस्पिटल', 'मेझों द्य', म्हणजे देवाचे घर, आणि 'बीडहाउस' अशी नावे होती. 'हॉस्पिटल'च्या मुळाशी लॅटिनमधील 'होस्पेस' आहे, आणि त्याचा अर्थ यजमान व पाहुणा असा दुहेरी आहे. 'बीड' म्हणजे प्रार्थना. प्रार्थना मोजण्याच्या माळेतील मण्याला पुढे तेच नाव पडले व आज इंग्रजीत केवळ मणी उरला, प्रार्थना गेली. तेव्हा 'बीडहाउस' म्हणजे प्रार्थनेचे घर, आणि तेथे राहणारा 'बीड्समन' म्हणजे प्रार्थना करणारा माणूस. प्रार्थना कोणासाठी? तर घर बांधून देणाऱ्याच्या आत्म्यासाठी. म्हणजे हे निव्वळ दान नव्हते. तो एक व्यवहार होता. दात्याने छप्पर, कोळसा, कपडा व आठवड्याचे पैसे द्यावयाचे आणि म्हाताऱ्याने रोज ठरलेल्या वेळी त्याच्या नावाने प्रार्थना म्हणावयाची. या व्यवहाराची एक बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्रार्थना करणारा माणूस वाटसरू असून चालत नाही. तो तेथेच राहिला पाहिजे, आणि तो मेल्यावर त्याच्या जागी दुसरा आला पाहिजे.

आता वास्तू पाहिल्या की हीच गोष्ट दगडविटांत स्पष्ट होते. चिचेस्टर येथील सेंट मेरीज हॉस्पिटल हे तेराव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. मुळात ते एक अखंड, प्रचंड छपराचे दालन होते. दोहों बाजूंस खाटा, पूर्वेच्या टोकाला लाकडी जाळीपलीकडे प्रार्थनामंदिर. खाटेवर पडल्या पडल्या देव दिसावा अशी ही योजना. परंतु पुढे याच दालनाच्या दोन्ही बगलांत लहान लहान घरकुले बांधण्यात आली आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांची विटांची धुराडी ते जुने छप्पर फोडून वर निघाली. एका छपराखाली घरांची ओळ, असे चमत्कारिक दृश्य तेथे आजही दिसते. आल्म्सहाउसचा अवघा इतिहास या एका छपरात वाचावयास मिळतो. खाटेची खोली झाली, खोलीला चूल आली, चुलीला धुराडे आले.

विंचेस्टरजवळचे सेंट क्रॉस त्याहूनही जुने. बिशप हेन्री ऑफ ब्लॉय याने ते ११३२ ते ११३६ या काळात स्थापन केले. तेरा निर्बल माणसांना कायमचा निवारा आणि त्याखेरीज रोज शंभर गरिबांना जेवण, अशी त्याची मूळ व्यवस्था होती. येथे दोन वेगळे धर्म एकाच आवारात असले तरी त्यांची सरमिसळ नाही, ही बाब मला महत्त्वाची वाटते. जो दारावर येऊन जेवून जातो तो निराळा आणि जो आत राहतो तो निराळा. पहिल्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सदावर्त. सेंट क्रॉसच्या देवडीवर वाटसरूला शिंगाच्या पेल्यातून घोटभर बिअर व पावाचा तुकडा देण्याची रीत अद्याप चालू आहे; ती सदावर्ताचीच आठवण होय. दुसऱ्याला मात्र आपल्याकडे शब्द नाही. पंधराव्या शतकात कार्डिनल ब्यूफर्टने या संस्थेचा विस्तार केला, त्या वेळच्या निवासी ओळीवर उंच धुराड्यांची रांग उभी आहे. दुरून पाहणाऱ्याला ती आत राहणाऱ्यांची शिरगणतीच वाटावी.

ऑक्सफर्डशायरमधील इव्हेल्म येथील 'देवाचे घर' (१४३७) हे या प्रकारातील माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण. सफोकचा अर्ल विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी ॲलिस यांनी ते बांधले. ॲलिस ही कवी जेफ्री चॉसरची नात. दोन धर्मगुरू व तेरा गरीब माणसे यांच्यासाठी विटांचा चौक, चौकाभोवती छत असलेली पडवी, पडवीत उघडणारी एकेकाची दारे, आणि एका बाजूने पायऱ्या चढून थेट चर्चमध्ये जाण्याची वाट. वाडा ज्याने पाहिला आहे अशा मराठी माणसाला ही रचना मुळीच परकी वाटू नये. पण वाड्यातील खोल्या एका कुटुंबाच्या असतात. येथे तेरा दारांमागे एकमेकांचे कोणी नसलेले तेरा इसम आहेत. तेरा ही संख्याही सहेतुक आहे. येशू आणि त्याचे बारा शिष्य, हे तिचे मूळ. ट्रॉलपच्या कादंबरीतही बारा म्हातारे आणि त्यांचा एक वॉर्डन, मिळून तेराच होतात. संख्या धार्मिक असली तरी तिचा वास्तुशास्त्रीय परिणाम फार मोठा झाला. बारा-तेरा माणसांसाठी घरे बांधता येतात. दीडशेंसाठी दालनच बांधावे लागते. या दीडशेंकडे मी पुढे येणार आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. परस्थांना निवारा बांधून देण्याचा पश्चिम भारतातील एक फार जुना लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी त्याने बांधविलेल्या वास्तूंना तेथे 'चतुःशाला', 'अवसध' व 'प्रतिश्रय' असे शब्द आहेत. 'आवसथ' या संस्कृत शब्दातील 'थ'चा 'ध' झाला आहे, ही लेखनिकाच्या कानातील प्राकृत. 'चतुःशाला' म्हणजे चौकाच्या चारही अंगांस शाला असलेली इमारत. म्हणजे इव्हेल्मच्या चौकाहून तेरा-चौदा शतके आधी कोकणपट्टीत दानाचा चौक माहीत होता. परंतु त्या चौकात राहावयाचे कोणी? लेखाचा रोख ध्यानात घेता वाटसरूंनी. त्याच लेखात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहणुका या नद्यांवर त्याने 'पुण्यतर' चालू केल्याचे म्हटले आहे. 'तर' म्हणजे होडीने उतारू पलीकडे नेण्याची जागा वा सोय. 'पुण्यतर' म्हणजे मोल न घेता चालविलेली तर. विश्रांतीचा चौक आणि फुकटची होडी ही एकाच दानाची दोन अंगे आहेत: जाणाऱ्याला जाऊ देणे.

येथे अलिबागच्या वाटेवरील धरमतरचे नाव कोणालाही आठवेल. 'पुण्यतर' व 'धरमतर' हे समास एकाच घडणीचे दिसतात आणि पहिल्यावरून दुसऱ्याची व्युत्पत्ती लावण्याचा मोह अनावर होतो. ध्वनिसाम्यावर घर बांधू नये, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, तेव्हा येथेही घडणीच्या साम्यापलीकडे मी जात नाही. एवढे मात्र खरे की ज्या समाजात दानाला 'तर' हा शब्द चिकटतो, त्या समाजाची दानाची मूर्ती प्रवासी ही आहे.

कोकणातील जुनी धर्मशाळा जशी असे तशी डोळ्यांसमोर आणावी. जांभ्या दगडाचे जोते, लाकडी खांबांची ओळ, वर कौले, पुढून उघडी लांब ओसरी, फार तर मागे एखादी बंद खोली. जवळ विहीर, बहुधा देऊळ किंवा बंदर. चुलीसाठी तीन दगड. ते ज्याने मांडले त्याने जाताना विस्कटावयाचे. तीन दिवसांहून अधिक मुक्काम करू नये, हा सर्वसाधारण दंडक. या वास्तूत दार नाही ही तिची उणीव नव्हे, ते तिचे तत्त्व आहे. दार म्हणजे मालकी, आणि वाटसरूला मालकी देणे म्हणजे पुढच्या वाटसरूला बाहेर ठेवणे. बंद दाराच्या खोल्या कोकणात नव्हत्या असे नाही. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून त्या खडकात खोदलेल्या आहेतच. परंतु त्या भिक्षूंच्या. संन्यस्ताला खोली आणि प्रवाशाला ओसरी, अशी ही जुनी वाटणी आहे. म्हाताऱ्या गरिबाचे नाव तीत कोठेच नाही. अक्षी येथील प्रसिद्ध शिलालेखात देवीच्या बोडणासाठी धान्याची नेमणूक करून दिली आहे. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा, या कालनिर्णयाबद्दल मतभेद आहेत आणि त्यांत मी येथे शिरत नाही. तेथेही धान्य देवीच्या विधीकडे जाते. म्हातारा आपल्या घरात असावयाचा, हे इतके गृहीत होते की त्याच्यासाठी दानलेख कोरण्याचे कारणच नव्हते.

हे गृहीतक सर्वांसाठी सारखे उदार होते, असा समज कोणी करून घेऊ नये. धर्मशाळेची उघडी ओसरीही सर्वांना उघडी नव्हती, आणि याची साक्ष याच जिल्ह्यात आहे. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर करून घेतलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठे व विहिरी यांच्या बरोबरीने सार्वजनिक पैशाने बांधलेल्या 'धर्मशाळा' अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या कराव्यात, असे म्हटले होते. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून ठराव केला आणि तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना चवदार तळ्यावर जावे लागले. आपल्याला तळे आठवते. ठरावातील धर्मशाळा आपण विसरलो. दार नसलेल्या वास्तूलाही उंबरठा असू शकतो, आणि तो दिसत नाही म्हणूनच ओलांडणे अधिक कठीण असते. 'धर्मशाळा' या शब्दाला अमर्याद औदार्याचा वास लावणाऱ्या पर्यायकोशांनी हे लक्षात ठेवावयास हवे.

मग 'हॉस्पिटल' ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर कधी आलीच नाही काय? आली, इंग्रजांच्या पुष्कळ आधी आली. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास चौलच्या खाडीमुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, वस्ती केली आणि १७४० मध्ये मराठ्यांशी झालेल्या तहाने ती सोडली. या दोन शतकांत तेथे जी मंदिरे, मठ व संस्था उभ्या राहिल्या त्यांत मिझेरिकॉर्दिया ही धर्मार्थ संस्थाही होती. राणी लेओनोर हिने १४९८ मध्ये लिस्बनला स्थापिलेल्या बंधुमंडळाच्या धर्तीवर पोर्तुगीजांच्या प्रत्येक महत्त्वाच्या ठाण्यात ही संस्था निघे. दयेची चौदा कृत्ये हे तिचे व्रत. त्यांत भुकेल्याला अन्न, परस्थाला आसरा, आजाऱ्याची शुश्रूषा, मेलेल्याला मूठमाती हे सर्व येते. म्हणजे 'होस्पेस' या शब्दाचा जुना, विस्तृत अर्थ घेऊनच हे लोक रेवदंड्याला उतरले होते. आज तटाच्या आत माडा-पोफळींच्या सावलीत पडक्या भिंती आणि तो उंच मनोरा उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव मिश्रबोली अजून घरांत बोलली जाते, ही तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठीच ठेव. परंतु त्या सर्व व्यवस्थेतून मराठीला कायमचा लाभला तो एक शब्द: इस्पितळ. पोर्तुगीज उच्चारात आद्य 'ह' नसतो. तो नसलेलाच शब्द आपण उचलला. पुढे इंग्रजीतून तोच शब्द 'हॉस्पिटल' असा 'ह'सकट पुन्हा आला. एकच शब्द दोनदा उसना घेऊनही आपण दोन्ही वेळा त्याचा एकच तुकडा ठेवला: आजाऱ्याचा.

याचे कारण माझ्या मते असे. उसना शब्द भाषेत रिकाम्या जागी बसतो. परस्थासाठी 'धर्मशाळा' होती, अन्नासाठी 'अन्नछत्र' व 'सदावर्त' होते, कोरड्या धान्यासाठी 'शिधा' होता. परक्याच्या आजारपणाची जागा तेवढी मोकळी होती. तीत 'इस्पितळ' बसले. म्हातारपणाची जागा मोकळी आहे असे कोणाला वाटलेच नाही, कारण तेथे 'घर' हा शब्द बसलेला होता. मडगावच्या 'हॉस्पिसिओ'ची कथा याच वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकात आसऱ्यासाठी निघालेली ती संस्था पाहता पाहता दवाखाना झाली आणि लोकांच्या तोंडी त्या नावाचा अर्थही दवाखाना असाच झाला.

उलट दिशेचा प्रवासही घडतो, आणि तो पाहण्यासाठी कँटरबरीजवळचे हार्बलडाउन व पनवेलजवळचे नेरे ही दोन गावे शेजारी ठेवावीत. आर्चबिशप लानफ्रांक याने १०८४ च्या सुमारास हार्बलडाउन येथे महारोग्यांसाठी हॉस्पिटल काढले. पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्लंडातून तो रोग ओसरला, रोगी येईनासे झाले आणि त्याच जागी वृद्ध गरीब राहू लागले. नेरे येथील शांतिवनही १९५१ पासून कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभे राहिले. त्याच आवारात पुढे वृद्धाश्रमही आला. दोहोंतील कारणपरंपरा एकच आहे असे मी म्हणत नाही. परंतु समाज ज्यांना गावाबाहेर ठेवतो त्यांच्यासाठी बांधलेल्या जागेत पुढे म्हाताऱ्यांची सोय व्हावी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ पंगु गृह' असे होते. आज लोक तिला 'निवारा' म्हणतात. जुन्या नावात राहणाऱ्याचे व्यंग होते, नव्या नावात राहण्याची क्रिया आहे. मराठी लोकव्यवहाराने हा पालट आपण होऊन केला, याची नोंद शब्दकोशकारांनी घेतली पाहिजे.

'वृद्धाश्रम' या शब्दाबद्दल मला फारसे बरे बोलता येत नाही. 'आश्रम' म्हटले की त्याग, नियम व गुरू आले. म्हातारा जणू संसार सोडून स्वेच्छेने वनात गेला, असा एक खोटा सन्मान त्या शब्दाने मिळतो. शिवाय त्या शब्दामागची इमारत कोणती? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा केंद्रीय कायदा, त्याच्या १९ व्या कलमात, राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान १५० निर्धन वृद्ध राहू शकतील असा वृद्धाश्रम काढावा, असे सुचवितो. कलमाचा हेतू निर्विवाद चांगला आहे. पण १५० हा आकडा उच्चारताच वास्तूचा आराखडा ठरून जातो: लांब दालन, खाटांच्या ओळी, एक मुदपाकखाना. चिचेस्टरने सतराव्या शतकात जे दालन भिंती घालून मोडले, तेच आपण एकविसाव्या शतकात कायद्याने सुचवीत आहोत.

इंग्रजी आल्म्सहाउस म्हणजे स्वर्ग होते, असे दाखविण्याचा माझा उद्देश नाही. नियमांचा जाच तेथे होता. उशिरा परतणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला, प्रार्थना चुकविणाऱ्याला दंड होत असे. अंगावरचा विशिष्ट झगा हा कृतज्ञतेचा गणवेश होता. कॅसल रायझिंग येथील स्त्रियांना तांबडा झगा व निमुळती उंच टोपी घालावी लागे. प्रवेशासाठी गाव, धंदा, पंथ, चारित्र्य या सर्वांची छाननी होई. म्हणजे उंबरठा तेथेही होता. लंडनमधील शोरडिच येथे १७१४ मध्ये उघडलेली चौदा घरांची सुंदर ओळ ज्याच्या पैशातून उभी राहिली, त्या सर रॉबर्ट जेफ्री याच्या संपत्तीत गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता. आणि आजही इंग्लंडात सुमारे सोळाशे संस्था हे काम करीत असल्या तरी तेथे राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतो. तो दानाचा लाभार्थी असतो. दार त्याचे, पण हक्क पूर्णपणे त्याचा नव्हे. हा पेच इंग्रजांनाही सुटलेला नाही.

ट्रॉलपची कादंबरी या पेचावरच उभी आहे आणि तिची मर्यादाही येथेच दिसते. सेंट क्रॉसचा मास्टर असलेल्या अर्ल ऑफ गिल्फर्ड याने संस्थेच्या उत्पन्नावर कसा हात मारला, हे प्रकरण त्या काळी गाजत होते. त्याची सावली कथेवर आहे. कादंबरीतील वॉर्डन हार्डिंग याला वर्षाला आठशे पौंड मिळतात आणि प्रत्येक म्हाताऱ्याला दिवसाला एक शिलिंग चार पेन्स. हार्डिंग सज्जन आहे. तो पदरचे दोन पेन्स घालतो. सुधारक बोल्ड मृत्युपत्राचा आधार घेऊन वाद उभा करतो, वृत्तपत्र आग ओतते, वकील मत देतात, हार्डिंगचे मन खाऊ लागते आणि तो जागा सोडतो. शेवटी म्हाताऱ्यांना शंभर पौंड तर मिळत नाहीतच, दोन पेन्सही जातात; सहा जण मरतात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, बाग माजते. समीक्षकांनी या शेवटाचे कौतुक सुधारणेवरील उपरोध म्हणून केले आहे, ते योग्यच. परंतु मला खटकते ते निराळे. सबंध कादंबरीत वाद चालतो तो उत्पन्नाचा. म्हाताऱ्यांच्या खोल्या आपल्याला दिसतात त्या लंडन रस्त्यावरील पुलावरून, खिडक्यांच्या जोड्या म्हणून. नदीकाठचा झिजलेला बाक दिसतो, वॉर्डनची बाग दिसते, त्याचा चेलो ऐकू येतो. बन्सच्या खोलीत चूल कोठे होती, दाराला कडी आतून होती की बाहेरून, हे ट्रॉलप सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरज वाटली नाही, कारण त्याच्या वाचकांना ते ठाऊक होते. मराठी वाचकाला ते ठाऊक नाही. अनुवादकाला नेमके तेच शब्दात आणावे लागते, आणि 'धर्मशाळा' हा शब्द ते आणूच शकत नाही. तो म्हाताऱ्याला ओसरीवर झोपवतो आणि चौथ्या दिवशी उठवतो.

राहता राहिली चाळ. आधी एक खुलासा करणे भाग आहे: 'चाळ' आणि 'चौल' यांचा इंग्रजी लेखनात गोंधळ होत असला तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. 'चाळ' म्हणजे ओळ. नर्तकीच्या पायांतील घुंगरांची माळ तीही चाळच. एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीला आपले दार व आपली चूल, पुढून सर्वांना जोडणारी पडवी, आणि शेजारी नात्याचा नसूनही रोजचा. शोरडिचच्या चौदा घरांचे, इव्हेल्मच्या पडवीचे याहून नेमके वर्णन मराठीत होणार नाही. फरक एवढाच की चाळीला भाडे असते आणि तिची कीर्ती फारशी चांगली नाही. पहिला फरक 'धर्माची' या शब्दाने भरून निघतो. दुसऱ्यामुळेच माझा हात तांबड्या शाईकडे गेला असावा. भारदस्त इंग्रजी वास्तूला चाळ म्हणणे मला ग्राम्य वाटले. संस्कृत तत्सम शब्द दिसला की पूर्ण गुण देण्याची आमची ही विद्यापीठीय सवय जुनी आहे.

त्या विद्यार्थिनीला मी पुढे विचारले, हा शब्द तुला कसा सुचला? तिने शब्दशास्त्र सांगितले नाही. तिच्या गावी, ती म्हणाली, वाड्यांतील बहुतेक घरांत म्हातारी माणसे एकटी आहेत, मुले मुंबईस. शनिवार-रविवारी पर्यटकांना राहण्यासाठी पुढच्या खोल्या देतात आणि म्हातारा-म्हातारी मागच्या पडवीत सरकतात. मांडव्यास २०२० पासून मोटारी घेऊन बोट येऊ लागल्यावर अलिबागच्या बाजूस हे आणखी वाढले आहे, हे मी स्वतः पाहतो. थोडक्यात, घराचीच पैसे घेणारी धर्मशाळा झाली आहे, आणि घरधनी तिच्यात वाटसरूसारखा राहतो. तिची आजी म्हणत असे, मला कोणाच्या घरात नको आणि आश्रमात नको. चाळीतली एक खोली द्या, माझी चूल मी पेटवीन. उताऱ्यातील बारा म्हातारे वाचताना तिला आजी आठवली आणि तिने लिहून टाकले.

पर्यायशब्द म्हणून मी यापुढे 'धर्मचाळ' असा समास सुचवितो. मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखापाशी हा शब्द द्यावा. 'हॉस्पिटल' या जुन्या अर्थाच्या शब्दालाही हाच चालेल; 'इस्पितळ' वापरण्याचा मोह व्युत्पत्तीच्या दृष्टीने कितीही रास्त असला तरी तो आवरावा. 'धर्मशाळा' हा शब्द विंचेस्टरच्या देवडीवरील पाव-बिअरीलाही लावू नये. तेथे 'सदावर्त' आहे. विद्यार्थिनीचे चार गुण वाढवावेत, असे पत्र मी परीक्षा विभागाकडे पाठविले होते. मुदत टळून गेल्याचे उत्तर आले.